आगटीभोंवतीं : कोळवें आणि कोवळे

या सदराच्या वाचकांस आमच्या चौकडीची ओळख नव्यानें करून देण्याचें कारण नाहीं. वकीलसाहेब, मास्तर, डॉक्टर व प्रस्तुत लेखक हे चौघे हदगांवच्या एकाच शाळेंत, एकाच बाकावर वाढलेले. पुढें पोटामागें कोणी नांदेडास, कोणी लातुरास, कोणी पुण्यास गेला. तथापि संक्रांतीची कर झाली कीं दुसऱ्या दिवशीं वकीलसाहेबांच्या शेतांत आगटी पेटावयाची व तिच्याभोंवतीं चौघांनीं बसावयाचें, हा नेम तीस वर्षांत फारसा मोडलेला नाहीं. यंदां मात्र मंडळी अधिक होती. माझी नात पुण्याहून आली होती. तिचें लग्न फाल्गुनांत ठरलेलें. आणि तिच्या हट्टाखातर माझी वडील बहीण, जिला सारें गांव अक्का म्हणतें, तीहि वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षीं काठी टेंकीत बांधाबांधानें शेतांत आली होती.

हदगांवच्या शिवारांत सोयाबीन, कापूस आणि हळद यांचें राज्य झाल्यापासून हुरड्याची ज्वारी मुद्दाम राखावी लागते. वकीलसाहेबांनीं बांधालगत थोडी गूळभेंडी तेवढ्यासाठींच पेरली होती. गोवऱ्यांचा विस्तव फुलवून त्यांत कणसें खुपसावयाचीं, दाणा करपण्यापूर्वीं तीं काढावयाचीं, आणि ऊन ऊन कणीस तळहातांत चोळून भूस फुंकरीनें उडवावयाचें, हें काम पाहणारास सोपें वाटतें. पण त्याला मास्तरांचाच हात लागतो. निवृत्त होऊन त्यांस बारा वर्षें झालीं, तरी कणीस हातीं आलें कीं त्यांची मुद्रा उत्तरपत्रिका तपासतांना होई तशीच अजून होते. सोबतीस जवसाची चटणी, घट्ट दहीं, गूळ व बोरें होतीं. अक्काला दांत नाहींत, म्हणून तिच्यासाठीं मास्तरांनीं अगदीं दुधाळ कणसें वेगळीं काढून ठेविलीं.

गोष्टींस आरंभ अर्थातच खाण्यापासून झाला. आदल्या दिवशीं डॉक्टर तामसा येथें जाऊन आले होते. संक्रांतीच्या करीनिमित्त तेथील बारालिंगाच्या देवस्थानीं भाजी-भाकरीची मोठी पंगत बसते, हें आमच्या तालुक्यांत सर्वांस ठाऊक आहे. नाना प्रकारच्या भाज्या थोरल्या कढयांतून एकत्र शिजतात आणि कोणाच्या घरची भाकरी कोणाच्या पानांत पडते याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. डॉक्टर एरव्हीं रोग्यांस पथ्य सांगण्यांत कठोर. परंतु त्या भाजीचें वर्णन करतांना त्यांचें सगळें वैद्यक विरघळून गेलें होतें.

“असें उघड्यावरचें जेवण मीं सहस्रकुंडानंतर जेवलों नव्हतों,” ते म्हणाले. “आठवतें ना? आपण दशम्या नेल्या होत्या.”

“धपाटे,” वकीलसाहेब तत्काळ उत्तरले.

झालें! पैनगंगेवरचा तो धबधबा, एका तीरास आमचा नांदेड जिल्हा व दुसऱ्या तीरास यवतमाळ, काळ्या खडकांवरून फुटून उतरणारें पाणी, तुषारांनीं ओले झालेले आमचे शाळेचे सदरे, हें सर्व १९६९ सालच्या त्या सहलींतलें चौघांनाहि सारखेंच आठवत होतें. डब्यांत काय होतें एवढ्यावर मात्र साक्षी जुळेनात. वकीलसाहेबांनीं उलटतपासणी आरंभिली. अखेर अक्कानें काठी आपटली.

“अरे, भांडतां कशाला? मी तेव्हां माहेरींच होतें. माझ्या भावाच्या डब्यांत दशम्या होत्या. आईच्या सोंवळ्यांत प्रवासाला पाण्यांत भिजविलेलें चालत नसे. दुधांत पीठ भिजवून त्यांच्याच दशम्या करावयाच्या. धपाटे होते ते वकिलाच्या डब्यांत. तुम्हीं धबधब्यावर डबे बदललेत, आणि घरीं आल्यावर यानेंच तें कबूल केलें. आईनें त्याला पुन्हा आंघोळ घातली होती, विचारा!”

पुन्हा आंघोळीची गोष्ट मी विसरलों होतों. खटला तेथेंच निकालांत निघाला.

तेथून बोलणें कसें कोण जाणे यंत्रांवर आलें. आमच्या वयाचीं चार माणसें हल्लीं एकत्र जमलीं म्हणजे पूर्वीं जसा गुडघ्यांचा विषय निघे, तसा आतां मोबाईलचा निघतो. वकीलसाहेबांची तक्रार अशी कीं, बँकेचा परवलीचा अंक शेतांत असतांना कधींच वेळेवर येत नाहीं. विहिरीच्या कठड्यावर चढून हात उंच धरावा, तेव्हां तो येतो. आणि खालीं उतरून चष्मा लावीपर्यंत त्याची मुदत संपते. डॉक्टरांच्या दवाखान्यांतला जुना संगणक ‘ॲसिडिटी’ या शब्दाचें पहिलें अक्षर दाखविण्यास तयार नाहीं. तेथें एक रिकामा चौकोन काढून तो पुढें ‘सिडिटी’ लिहितो. तें ‘ॲ’ अक्षर युनिकोडाच्या सर्वमान्य यादींत स्वतंत्रपणें दाखल झालें तेंच मुळीं २००८ सालीं. त्यापूर्वींच्या यंत्रास तें ठाऊक नसावें यांत त्या बिचाऱ्याचा दोष नाहीं, असें माझ्या नातीनें त्यांस समजाविलें.

माझी स्वतःची फजिती ताजी होती. लग्नाच्या तयारींत मीं चुलतभावास मोबाईलवरून निरोप धाडला कीं, आचाऱ्यांस आगाऊ रक्कम देऊन ठेवावी. माझें बोट कोठें चुकलें न कळे. निरोप गेला तो ‘आचार्यांस’ असा. बंधु आज्ञाधारक; त्यांनीं ती रक्कम नेऊन उपाध्याय गुरुजींच्या हातावर ठेविली. लग्नापूर्वीं दोन महिने दक्षिणा मिळाल्याचा गुरुजींच्या आयुष्यांतील हा पहिलाच प्रसंग असावा. ते संतोषले, आणि आचारी रुसले. एका ‘र’च्या वळणावर एवढें सारें अवलंबून असतें, हें मास्तर आम्हांस साठ वर्षांपूर्वीं शिकविणाऱ्या गुरुजींच्याच स्वरांत पुन्हा सांगूं लागले.

हंशा ओसरतो न ओसरतो तोंच नात वाफ्यांतून परत आली. तिच्या ओढणींत हिरवे, ओले, नुकते धरलेले धने होते. त्यांचा वास आगटीच्या धुरावरहि मात करून गेला.

“आजोबा, येसरासाठीं पुरतील ना एवढे?” तिनें विचारलें. “पणजीनें लिहिलें आहे, धने कोवळे. पुण्यांत कोठें मिळाले नसते.”

मराठवाड्याबाहेरील वाचकांसाठीं येथें दोन शब्द सांगितले पाहिजेत. येसर म्हणजे धान्यें, डाळ व मसाले निरनिराळे भाजून एकत्र दळलेलें पीठ. त्याची आमटी आमच्याकडील लग्नाच्या पंगतींत असावयाचीच. येसर बरणींत महिनोगणती टिकतो. किंबहुना टिकावा म्हणूनच त्यांतला प्रत्येक जिन्नस खडखडीत वाळलेला व भाजलेला असावा लागतो.

अक्का पाहतच राहिली. “अगं, कोवळ्या धन्यांचा येसर कोणीं केला आहे? ओल राहील त्यांत. पंधरा दिवसांत बुरशी धरील, आणि लग्नाला अजून महिना आहे. आई असें लिहिणें शक्य नाहीं.”

नातीनें मोबाईल पुढें केला. तेथें स्वच्छ अक्षरांत लिहिलें होतें : बाजरी शेर, हरभऱ्याची डाळ मापटे, गहू चिपटे, धने कोवळे, जिरे नेळवे.

आतां या लेखाची पूर्वपीठिका सांगतों. आमच्या आईनें १९५८ सालापासून एका जाड वहींत आपल्या पाककृति लिहून ठेविल्या होत्या. १९९५ च्या सुमारास माझ्या धाकट्या भावानें, जो तेव्हां एका कचेरींत संगणकावर मराठी टंकलेखन करीत असे, ती वही रात्रीं जागून यंत्रावर उतरवून घेतली. त्याचा हेतु असा कीं, कागद फाटेल, यंत्रांतलें राहील. मूळ वही पुढें वाळवीनें खाल्ली. भाऊहि आतां नाहीं. राहिली ती त्याची तबकडी, आणि गेल्या दिवाळींत नातीनें तिच्यांतील मजकूर आपल्या यंत्रावर उघडला तेव्हां आईच्या वहीच्या जागीं इंग्रजी अक्षरें, अर्धविराम आणि डॉलरचीं चिन्हें यांचें एक अखंड रान उगवलेलें दिसलें.

असें कां व्हावें, हें तिनें आम्हांस आगटीपाशीं समजावून सांगितलें तें सांगण्याजोगें आहे. संगणकाच्या पोटांत अक्षर म्हणून कांहीं नसतें. तेथें असतात नुसते क्रमांक. कोणत्या क्रमांकास कोणतें अक्षर मानावयाचें हा केवळ संकेत. भारत सरकारनें भारतीय लिप्यांसाठीं १९८८ सालीं व पुन्हा १९९१ सालीं असा एक संकेत प्रमाण ठरविला, आणि १९९१ सालींच सर्व जगाच्या लिप्यांसाठीं युनिकोड नांवाच्या संकेताची पहिली आवृत्ति प्रसिद्ध झाली. तथापि कचेऱ्या आणि छापखाने यांतून पुढें कित्येक वर्षें निरनिराळ्या कंपन्यांचे आपापले फॉन्टच चालत राहिले. त्यांत मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर ज्याच्या त्याच्या सोयीनें बसविलेले असत. फॉन्ट जवळ असेतोंवर ‘क’ हा ‘क’ दिसे. फॉन्ट गेला कीं आंतला इंग्रजी सांगाडा उघडा पडे.

“म्हणजे गांवोगांवचा शेर!” वकीलसाहेब उद्गारले.

उपमा चोख होती. आमच्या लहानपणींहि प्रत्येक बाजाराचा शेर निराळा असे. एका गांवचा शेर दुसऱ्या गांवीं कमी भरे. १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं, तीं टप्प्याटप्प्यानें सर्वत्र रुळलीं, आणि तो घोळ मिटला. युनिकोडानें अक्षरांच्या बाबतींत तेंच केलें. परंतु दशमान आल्यानें जुन्या शेरानें लिहिलेले हिशेब आपोआप किलोंत बदलले नाहींत. ते कोणीतरी बसून बदलावे लागले.

नातहि तशीच बसली. सुदैवानें भावानें त्या वहींतलें मेतकुटाचें एक पान त्या काळीं छापून अक्काला दिलें होतें, व तें तिच्या पेटींत लुगड्याखालीं सांपडलें. तें पान आणि यंत्रांतील तेवढाच मजकूर शेजारीं ठेवून कोणत्या चिन्हास कोणतें अक्षर हें तिनें एकेक जुळवीत नेलें. चिन्हें चुकीचीं होतीं, पण सर्वत्र सारख्याच रीतीनें चुकीचीं होतीं; म्हणूनच किल्ली बनूं शकली. ऱ्हस्व वेलांटीनें मात्र तिला रडविलें. जुन्या फॉन्टांत ती डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधीं येते, युनिकोडांत उच्चाराप्रमाणें अक्षराच्या मागून. त्यामुळें ‘चिपटें’ या शब्दांतील वेलांटी चला सोडून एका टिंबाटिंबांच्या वर्तुळावर एकटीच जाऊन बसे. कंटाळून अखेर तिनें तयार झालेला मजकूर समोर ठेवून सर्व पाककृति मोबाईलवर स्वतःच्या बोटांनीं पुन्हा लिहून काढल्या.

घात झाला तो येथें. आईनें लिहिलें होतें, ‘धने कोळवें’. यंत्रानें त्या शब्दाखालीं लाल रेघ ओढली, आणि वर नम्रपणें सुचविलें : कोवळे.

“मला वाटलें, माझ्याच अक्षरजुळणींत चूक राहिली असेल,” नात ओशाळून म्हणाली. “मापटें म्हणजे कांहीतरी माप, हें नांवावरून कळलें. चिपटें आईला माहीत होतें. पण कोळवें कोणाच्याच तोंडीं ऐकलें नव्हतें. आणि कोवळे हा तर चांगला शब्द आहे.”

अक्कानें डोळे मिटले, आणि परवचा म्हणावा तशी ती म्हणूं लागली : दोन नेळव्यांचें कोळवें, दोन कोळव्यांचें चिपटें, दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. एकदांहि ती अडखळली नाहीं. मास्तरांनीं बोटांवर हिशेब केला : कोळवें म्हणजे शेराचा आठवा हिस्सा. बाजरी शेरभर, तर धने त्याच्या अष्टमांश, आणि जिरें त्याच्याहि निम्में. क्षणापूर्वीं जी ओळ स्वयंपाकघरांतली केवळ सूचना वाटत होती, ती एकाएकीं नेमकें प्रमाण होऊन उभी राहिली. आणि त्यांतली खुबी अशी कीं, शेर कोणत्याहि गांवचा घेतला तरी तें प्रमाण ढळत नाहीं.

मास्तरांनीं आणखी एक गोष्ट दाखवून दिली. आई जुन्या वळणाची. ती अनुस्वार कटाक्षानें देई. १९६२ च्या नव्या लेखननियमांनीं ते अनुस्वार गेले, आणि उतरवितांना नातीनेंहि ते गाळले. परंतु ‘कोळवें’ यावरचा तो एक ठिपका राहिला असता तर तो शब्द नपुंसकलिंगी एकवचनी आहे, ‘धने’ या शब्दाचें तें विशेषण असूंच शकत नाहीं, हें जाणत्यास तेथेंच कळलें असतें. जुने अनुस्वार परत आणा असें मास्तरांचें म्हणणें नाहीं. दुसऱ्याचें लिहिलेलें उतरवितांना त्याचा ठिपकाहि आपल्या मतानें पुसूं नये, एवढेंच ते म्हणाले.

मी आगटीकडे पाहत विचार करीत होतों. आमच्या घरीं आजोबांचे कागद मोडींत आहेत; ते मला वाचतां येत नाहींत. वडिलांचे उर्दूंत आहेत, कारण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा मुलूख निजामाचा, कचेरीची भाषा उर्दू, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांतील शिक्षणहि उर्दूंतूनच. तेहि मला वाचतां येत नाहींत. भावानें आईची वही मोठ्या प्रेमानें यंत्रांत ठेविली, तर तेथेंहि कुलूपच पडलें. तीन पिढ्यांचीं तीन कुलुपें! यंत्रास नांवें ठेवून काय उपयोग? लिपि बदलते, राज्य बदलतें, फॉन्ट बदलतो. आणि प्रत्येक वेळीं मागच्या पिढीचा वाचणारा कोणी जवळ आहे तोंवरच किल्ली बनवून घेतां येते. मेतकुटाचें तें पान सांपडलें नसतें, किंवा अक्का यंदां शेतांत आली नसती, तर ‘धने कोवळे’ हीच पुढें आमच्या घराण्याची परंपरा ठरली असती; आणि बुरशी धरलेला येसर फेंकून देतांना कोणीतरी म्हटलें असतें कीं, पणजीबाईंचीं प्रमाणें कांहीं खरीं नव्हेत.

मोबाईलचा शब्दसंग्रह लोक जें पुष्कळ लिहितात त्यावरून बनतो. जो शब्द आपण घरांत बोलावयाचा सोडला, तो यंत्रास कोठून कळावा? त्याच्या लेखीं अपरिचित शब्द म्हणजे अशुद्ध शब्द. पण माणसानें तरी तसेंच कां समजावें? अगदींच अनोळखी शब्द आला तर आपण थबकतों, विचारतों. ओळखीच्या शब्दासारखा दिसणारा अनोळखी शब्द आपण बेलाशक दुरुस्त करून टाकतों. आचाऱ्यांचे आचार्य करणारा मी नातीस कोणत्या तोंडानें बोलणार?

त्याच रात्रीं घरीं बैठक बसली. अक्का सांगे, नात लिही, मास्तर लाल पेन्सिल घेऊन वाचून दाखवीत. प्रत्येक जुन्या मापापुढें त्याचा अर्थ घातला. नातीनें मोबाईलच्या शब्दसंग्रहांत नेळवें, कोळवें, चिपटें, मापटें हे चारहि शब्द स्वतः दाखल केले, म्हणजे पुढच्या वेळीं लाल रेघ येणार नाहीं. कोठीच्या खोलींत शोध घेतां आईचें पितळी कोळवेंहि निघालें, तळाशीं पोचा आलेलें. तें चहाच्या कपांत उपडें केलें, तेव्हां कप कांठोकांठ भरण्यास किंचित् कमी पडलें. तेंहि टिपून ठेविलें. साऱ्याच्या छापील प्रती काढून एक अक्काकडे, एक पुण्यास व एक माझ्या कपाटांत ठेविली आहे.

वाचकांस, विशेषतः घरांतील लेकीसुनांस, एवढीच विनंति कीं, आपल्या घरीं १९९० च्या सुमारास यंत्रावर उतरविलेलें कांहीं असेल तर तें आजच उघडून पाहावें. उघडत नसेल तर त्या काळचें एखादें छापील पान शोधावें, आणि तें वाचून दाखविण्यास घरांतील सर्वांत वृद्ध माणसास जवळ बसवावें. लाल रेघ दिसली तर शब्द बदलण्यापूर्वीं त्यांना विचारावें. तीं माणसें विचारण्याची वाटच पाहत असतात.

राहतां राहिले ते ओढणींतले हिरवे धने. ते वायां गेले नाहींत. अक्कानें तेथेंच शेतांत, हिरवी मिरची, मीठ व थोडा गूळ घालून, त्यांची चटणी दगडावर वाटविली. आणि ती हुरड्याबरोबर अशी कांहीं लागली कीं डॉक्टरांनीं तामशाच्या भाजीचें नांव पुन्हा काढलें नाहीं. वहींतील आईच्या अखेरच्या पाककृतीखालीं नातीनें आपल्या हातानें पहिली पाककृति लिहिली आहे. तिचें नांव ‘धने कोवळे’.